केतकीची पोथी

सोजरकाकूंनी अठरा वर्षांत 'आनंद' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. त्या दुःखी होत्या म्हणून नव्हे. उलट पोट धरधरून हसणारी एवढी दुसरी बाई आमच्या गावात नव्हती. कारण अगदी साधं होतं. त्यांच्या नवऱ्याचं नाव आनंदराव, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. ते तर गावातली कुठलीच बाई घेत नव्हती. पण बाकीच्यांचे नवरे तुकाराम नाहीतर किसन. ती नावं टाळली तरी उरलेली भाषा शाबूत राहायची. काकूंच्या वाट्याला मात्र असं नाव आलं होतं की ते रोजच्या बोलण्यात पावलोपावली आडवं यायचं. भाचीला मुलगा झाला तर काकू म्हणत, "लय बरं वाटलं." शेजारच्या आनंदीबाईला त्या 'हसरी' म्हणत. पुढे सगळं गाव तिला हसरी म्हणायला लागलं आणि शेवटी तिचा नवराही.

उखाण्यात नाव घेतलं तर चालतं, असं बायका त्यांना दर हळदीकुंकवाला सांगत. काकू मान हलवत. "मानूस समोर असला तर उखाना. न्हाई तर ऐकवायचा कुनाला?"

माणूस समोर नव्हता. आनंदराव अठरा वर्षांपूर्वी कापसाची गाडी घेऊन परभणीला गेले होते. कापूस विकला, गाडी गड्याबरोबर परत पाठवली, बैलांसाठी नवीकोरी घुंगरमाळ पाठवली आणि आपण आगगाडीत बसले. भांडण नाही, तंटा नाही. कुठे गेले, का गेले, कोणालाच कळलं नाही. काकूंनी कुंकू पुसलं नाही, रडगाणं गायलं नाही आणि जमीनही पडीक ठेवली नाही. बावीस एकर आणि दोन बैलजोड्या त्यांनी एकटीनं अशा सांभाळल्या की पाटीलसुद्धा पेरणीचा दिवस काकूंच्या तिफणीकडे बघून ठरवायचा.

मी तेव्हा मानवतजवळच्या त्या खेड्यात मास्तर होतो. राज्य निजामाचं. शाळेत उर्दूला मान, मराठीला एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात मी. काकूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. आमच्या मंडळींचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. मंडळी म्हणजे माझी बायको. होय, मीही तिचं नाव घेत नाही, तेव्हा काकूंना हसायचा मला काडीचाही अधिकार नाही.

मंडळींचा भाऊ पुण्याला होता. बहिणीला खेड्यात करमत नसेल म्हणून त्यानं टपालानं एक पुस्तक पाठवलं. 'केतकी कादंबरीमाला', भाग पहिला. वेष्टनावर खिडकीला टेकलेली एक तरुणी, डोळ्यांत पाणी आणि बाहेर चंद्र. मला असल्या पुस्तकांचा तिटकारा होता, म्हणजे मी ते दोनदाच वाचलं होतं. एके दिवशी काकू चाळण मागायला आल्या आणि त्यांची नजर देवळीतल्या त्या पुस्तकावर गेली. काकूंचे वडील गावोगाव पोथी सांगायचे. त्यांनी लेकीला देवनागरी अक्षर शिकवलं होतं, त्यामुळे छापील कागद दिसला की काकूंचा हात आधी कपाळाला जायचा.

"कोनती पोथी म्हनायची ही?"

"पोथी नाही काकू, कादंबरी आहे," मी म्हटलं.

"कादंबरी? कोनत्या गावची देवी?"

मी हसू आवरत समजावून सांगायला लागलो, पण मंडळींनी मला डोळ्यांनी गप्प केलं. काकू पुस्तक पदरात गुंडाळून घेऊन गेल्या. चाळण आमच्याकडेच राहिली.

चार दिवसांनी पहाटे दळणाच्या वेळी त्या दारात उभ्या. डोळे लाल. "मास्तर, देवी न्हाई ती. देवीवर असली पाळी येत न्हाई. दुसरा अध्याय कुठं हाय?"

त्या दिवसापासून काकू केतकीच्या झाल्या. दोन-तीन महिन्यांनी एकेक भाग यायचा आणि त्या मधल्या दिवसांत काकू मागचे भाग पुन्हा वाचायच्या. पण एकटीनं वाचणं त्यांना माहीतच नव्हतं. अक्षर मोठ्यानं वाचायचं असतं आणि चारचौघींना ऐकवायचं असतं, असंच त्या वडिलांकडे शिकल्या होत्या. म्हणून दर अमावास्येला आणि एकादशीला, शेतात काम नसे त्या दुपारी, त्या केतकी लावायच्या. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पुस्तक लाल फडक्यातून काढून पाटावर ठेवायचं, उदबत्ती लावायची आणि पोथीच्या चालीवर सुरुवात करायची.

जागेचा मात्र मोठा घोळ झाला. पहिल्यांदा मारुतीच्या देवळात बसल्या. दुसऱ्याच प्रकरणात नायकानं केतकीचा हात धरला आणि काकू थबकल्या. मारुती ब्रह्मचारी. त्याच्यासमोर असलं वाचणं बरं नव्हे. सगळ्या बायका उठून महादेवाच्या देवळात गेल्या. तिथं पुजारीण म्हणाली, "आवं, केतकी म्हादेवाला चालत न्हाई." खरंच होतं, केतकीचं फूल महादेवाला वाहत नाहीत. काकूंनी कपाळावर हात मारला. "तवाच म्हनलं पोरीचं समदं वाकडं कामून व्हायलंय! नाव ठिवतानाच चुकलं हिच्या आईबापाचं." दोन्ही देव बाद झाल्यावर पोथी काकूंच्या गोठ्याच्या ओसरीवर आली आणि तिथंच राहिली. बायका ओसरीवर, बैल दावणीला, आणि गडी माणसं कुडाच्या पलीकडे. ते ऐकत नव्हते. ते नुसते तिथं बसलेले असत. मीही त्यांच्यात नुसता बसलेला असे.

आता खरी गंमत सांगतो. त्या कादंबरीच्या नायकाचं नाव होतं आनंद.

लेखकानं हे नाव घेतलं आणि त्याच्या अंगात शब्दांचा खेळ संचारला. 'आनंदाला पाहताच केतकीच्या आनंदाला सीमा उरली नाही' अशी वाक्यं पानोपानी. काकू ते वाक्य वाचायच्या ते असं: "ह्यांना बगताच केतकीला लय म्हंजी लयच बरं वाटलं." मी व्याकरण शिकवणारा माणूस. माझ्या ध्यानात आलं की लेखकानं ज्याला सरळ अरेतुरे केलं होतं, त्याला काकूंनी आदरार्थी बहुवचन बहाल केलं होतं. पुस्तकातला 'तो' घोड्यावरून उतरला की काकूंच्या तोंडून 'हे' घोड्यावरनं उतरले. खलनायक मामाला मात्र त्या अरेतुरेच करत आणि मधूनमधून पदरच्या दोन शिव्याही घालत.

प्रेमाचे प्रसंग आले की काकूंचा आवाज धावायला लागायचा. आलिंगन जवळ आलं की त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "हितं पान फाटलंय जरा." पुस्तक नवंकोरं असायचं. हसरी मागून ओरडायची, "फाटल्यालं बी वाचा की काकू!" त्यावर जो हशा व्हायचा त्यानं बैलसुद्धा कान टवकारायचे.

तिसऱ्या भागात लग्न होतं. काकूंनी आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं, त्यामुळे पोथीतल्या लग्नाला टाकतात तशा अक्षता वाटल्या. मंगलाष्टकं पुस्तकात नव्हती, ती काकूंनी पदरची म्हटली. चाळीस बायकांनी पुस्तकावर अक्षता टाकल्या. कुडाच्या पलीकडूनही काही पडल्या. माझ्या मुठीत दोन दाणे कसे आले होते ते मला आठवत नाही.

खुरपणीच्या दिवसांत तर काकूंनी कहरच केला. मागचा सगळा भाग त्यांना तोंडपाठ. कापसाच्या रानात बायका ओळीनं बसल्या की काकूही खुरपं घेऊन बसायच्या आणि कथा सुरू करायच्या. तास, म्हणजे पिकाची एक ओळ, संपला की कथा थांबायची. "फुडचं फुडच्या तासाला." बायकांचे हात असे चालायचे की काकूंचं बावीस एकर रान सगळ्यांच्या आधी निंदून व्हायचं आणि पाटलाच्या रानात माणूस मिळायचं नाही. पाटील तक्रार घेऊन बांधावर आला. काकूंनी त्याला बाभळीखाली बसवून पाणी दिलं आणि कथा चालू ठेवली. दोन तास झाले तरी तो उठेना. जाताना एवढंच म्हणाला, "त्या हरामखोर मामाला काय शिक्षा झाली ते तेवढं कळवा."

पाचव्या भागात नायक बोटीत बसून परदेशी निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. काकू रानात मान खाली घालून सांगत होत्या, "हे आगबोटीत बसून गेले. केतकीनं वाट बगितली. कागूद न्हाई का पत्तर न्हाई." नेमका त्या वेळी पाथरीहून पिकांची पाहणी करायला गिर्दावर आला होता. जमीन आनंदरावांच्या नावावर. तो बांधावर उभा राहून विचारतोय, "शौहर कहाँ है इसका?" हसरी कथेत एवढी गुंगलेली की डोळे पुसत म्हणाली, "आगबोटीत गेल्यात वो." गिर्दावरानं दौत उघडली आणि दफ्तरात लिहून टाकलं, खातेदार समंदरपार.

ही चूक दुरुस्त करायला हवी, असं मी काकूंना सांगायला गेलो. त्यांनी मला तो मजकूर दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर. अठरा साल झाले, ह्यांचा ठावठिकाना कुनीच सांगितला न्हवता. सरकारनं सांगितला, तर आपन कामून खोडायचा?"

मला तेव्हा हसू आलं होतं. घरी येऊन मी मंडळींना तो प्रसंग नक्कल करून सांगितला, पण त्या हसल्या नाहीत.

सहावा भाग आला, सातवा आला. नायकाचा पत्ता नाही. केतकी खिडकीत. आठवा भाग शेवटचा होता आणि तो येण्याची काकू कापसाच्या भावाचीही पाहत नव्हत्या इतकी वाट पाहत होत्या. एकदा आमच्या ओट्यावर बसून त्या सुपारी कातरत म्हणाल्या, "मास्तर, मी मनाशी एक शकुन धरलाय. पुस्तकातले आले की घरचेबी येतील."

मी म्हटलं, "काकू, ती गोष्ट आहे हो."

"गोष्टच की. पन एवढे आठ भाग लिहिनारा मानूस, तो का उगंच पाठवील त्यांला आगबोटीत? आननार म्हंजी आननार."

मेव्हण्याचं पार्सल या वेळी टपालाऐवजी एका ओळखीच्या माणसाबरोबर आलं. मी मानवत रोड स्टेशनावर जाऊन ते घेतलं आणि बैलगाडीत बसल्याबसल्या फोडलं. गाव येईपर्यंत शेवटच्या पानावर पोचलो होतो. नायक परत येत होता. केतकी बंदरावर उभी होती. बोट धक्क्याला लागली, आणि लेखकानं त्याला वाटेतच तापानं मारून टाकलं होतं. आयुष्यात मी पहिल्यांदाच एका पुस्तकाला मोठ्यानं शिवी दिली. गाडीवान दचकला.

मंडळींनी चुलीपुढे बसून पुस्तक वाचलं आणि पदराला डोळे पुसले. "द्यायला तर हवंच. पण आधी सांगा त्यांना. बायकांपुढे एकदम नको."

मी सांगायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो. पण काकूंच्या दारात पाऊल टाकलं आणि पाहिलं की ओसरी नुकतीच सारवलेली आहे. समाप्तीचा प्रसाद म्हणून पुरणाची डाळ निवडून ठेवलेली. चार वाड्यांना आवतण गेलेलं. आणि अंगणातल्या दोरीवर एक जुना गुलाबी पटका उन्हात घातलेला. घड्यांच्या जागी तो विटला होता.

"ह्यांचा हाय," काकू म्हणाल्या. "लय दिस पेटीत होता. कसर लागती."

मी म्हटलं, "काकू, या वेळी मी वाचू का? तुम्हाला जरा विसावा."

"असं कसं? पोथी मी लावली, समाप्तीबी मीच करनार." त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि कपाळाला लावलं. "आन् या डावाला मी आदी वाचनार न्हाई बगा. समद्यांसंगंच ऐकीन."

मी परत आलो. मंडळींनी मला भित्रा म्हटलं. ते बरोबरच होतं.

एकादशी उपासाची, म्हणून समाप्ती दुसऱ्या दिवशी दुपारी होती. ओसरीवर बसायला जागा नव्हती; मंडळी काकूंच्या पाटाशेजारीच बसल्या होत्या. कुडाच्या पलीकडे पाटील स्वतः घोंगडी टाकून बसला होता. काकूंनी उदबत्ती लावली, चष्मा चढवला आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत. केतकी बंदरावर आली. बोट लांबून दिसली. बायका गुडघ्यांवर उठून बसल्या. हसरीच्या मुठीत अक्षता होत्या. ह्या वेळी तिनं आपल्याच मनानं आणल्या होत्या.

"बोट धक्क्याला लागली," काकूंनी वाचलं. "समदे लोक उतरले. केतकी फुडं गेली. कप्तानानं टोपी काढली."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. लेखकाला शेवटीसुद्धा शब्दांचा खेळ सुटला नव्हता. 'आनंद या जगात उरला नव्हता.'

"हे," काकूंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या.

 मला एकदम समजलं की काकू कुठे अडकल्या आहेत. आठ भाग त्यांनी त्याला 'हे' म्हटलं होतं. आता ते वाक्य तसंच वाचायचं, तर कपाळावर कुंकू असताना, चार वाड्यांच्या बायकांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागणार होतं की हे या जगात उरले नाहीत. पान फाटलंय म्हणायचीही सोय नव्हती. शेवटचंच पान होतं. दुसरा एकच रस्ता होता, आणि तो त्यांनी अठरा वर्षं बंद ठेवला होता.

दावणीच्या बैलानं मान हलवली. जुनी घुंगरमाळ वाजली. काकूंनी पुस्तकातून डोळे वर केले आणि अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. मग इतक्या हळू म्हणाल्या की कुडापलीकडे आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

"आनंद."

 काकूंनी पुस्तकावर बोट ठेवलं, आवाज चढवला आणि पोथीची चाल सोडून, शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसं सरळ वाचलं, "आनंद या जगात उरला नव्हता."

उरला. उरले नव्हे. आठ भागांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं बहुवचन काढून घेतलं होतं.

"अगं बया!" हसरीच्या मुठीतल्या अक्षता सांडल्या. "काकू, कोन गेलं?"

"आनंद," काकू ठासून म्हणाल्या. "पुस्तकातला. पुन्याचा कुनीतरी." त्यांनी पुस्तक मिटलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि उभ्या राहिल्या. "चला, पोळ्या गार व्हायल्यात. रडू नका गं. आपल्यातलं कुनी गेलं न्हाई."

बायका रडतरडत जेवल्या. पाटील तीन पोळ्या खाऊन गेला. पटका दोरीवरून काढून काकूंनी पुन्हा घडी घातली, पण या वेळी घडी वेगळ्या जागी मोडली, म्हणजे तिथला रंग जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आठही भाग लाल फडक्यात बांधून आमच्याकडे आल्या. बरोबर चाळणही होती. ती मधल्या काळात कधी तरी त्यांच्याकडे गेली होती. ओट्यावर बसल्या, गाठोडं मांडीवर घेऊन. 

"मास्तर, तुमी शिकलेले हाव, म्हनून इचारते. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतंय म्हनत्यात. खरं का?"

"कोण म्हणतं?"

"आई म्हनायची. म्हनून मी कदी घेतलं न्हाई. कुठं का असंनात, माझ्या तोंडानं त्यांचं आयुष्य कमी व्हायला नगं." त्या फडक्याची गाठ सोडत आणि बांधत होत्या. "काल घेतलं. काय करू? तसं म्हनन्यापरीस हे बरं वाटलं. पन पुस्तकातल्याचं म्हनून घेतल्यालं ह्यांना लागत असंल का?"

अठरा वर्षं ही बाई एक शब्द गिळून एका पळून गेलेल्या माणसाला जिवंत ठेवत होती आणि आम्ही सगळे त्यावर हसत होतो. मला माझी लाज वाटली. पण मास्तरकी अंगात मुरली होती, तीच कामाला आली. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "लागत नाही. व्याकरणाचा नियमच आहे तसा. पुस्तकातलं विशेषनाम वेगळं आणि माणसाचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

"पुस्तकात लिवलंय हे?"

"लिहिलंय."

"आन् किती डाव घेतलं मी? मला काई भान न्हवतं."

आत मंडळींनी भांडं घासायचं थांबवलं. मी म्हटलं, "एकदाच."

काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग पदर खोचून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. तोंडावर पुन्हा त्यांचं ते नेहमीचं हसू. "तुमच्या मेव्हन्याला म्हनावं, दुसरी माला असली तर धाडा. फकस्त तेच्यातल्या बाप्याचं नाव आदी बगून धाडा."

त्या गेल्यावर मंडळी हात पुसत बाहेर आल्या आणि काकूंच्या फाटकाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तीनदा घेतलं," त्या म्हणाल्या. "आणि त्यातलं दोनदाच पुस्तकातल्याचं होतं."